शुक्रीच्या पोटातलं वासरू कुणाचं

फ्लॉसी मागच्या अंगणात बोय साफ करायला बसली होती. अर्ध्या माशांचे खवले काढून झाले होते, अर्धे परातीत तसेच पडले होते. मांजर दोन हातांवर डोळे मिटून असं साळसूदपणे बसलं होतं, की फ्लॉसीचा एक डोळा विळीवर आणि दुसरा त्या मांजरावर होता. फार साळसूद दिसणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे तिला सासूने शिकवलं होतं. सासूने तिला तशा दोनच गोष्टी दिल्या. एक गाय आणि दुसरा संशय. दोन्ही तिने जपून ठेवल्या.

तेवढ्यात अँथनीचा टेम्पो मागच्या फाटकाशी येऊन थांबला. अँथनी तिचा चुलत दीर. भाताची झोडणी झाली की वसईच्या पूर्वेकडच्या गावांतून पेंढा भरून आणायचा आणि पश्चिमेला विकायचा, हा त्याचा थंडीतला धंदा. पश्चिमेला आता पेंढा घेणारी घरं तरी कुठे उरली होती? फ्लॉसीच्या आळीत ती एकटीच. बुधी या म्हाताऱ्या गाईच्या गोठ्यात भारे टाकता टाकता अँथनी म्हणाला, "वहिनी, तुझी शुक्री बघितली चांदीपला. पोट हे एवढं. नाताळाच्या आत वितेय बघ."

फ्लॉसीचा हात थांबला. "कोण म्हणालं?"

"प्रल्हादच म्हणाला. पहिल्यांदाच वितेय म्हणून त्याच्या जिवाला घोर लागलाय."

"पहिल्यांदाच?"

"असं म्हणाला बाबा. मी काय गाईला विचारलं नाही."

फ्लॉसी उठली. बादलीत हात बुडवून तिने ते पदराला पुसले आणि आत हाक मारून नवऱ्याला, प्लासिडला, उरलेले मासे साफ करायला सांगितले. प्लासिड बँकेतून रिटायर झालेला, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस. त्याला मासे साफ करता येत नाहीत हे तिला ठाऊक होतं, आणि मांजरालाही ठाऊक होतं. पण आता तिला माशांचं सुख-दुःख उरलं नव्हतं.

या घरातल्या गाई सुनांच्या असतात. फ्लॉसीची सासू लग्न होऊन आली तेव्हा माहेरून आंदण म्हणून एक कालवड घेऊन आली. सोमवारी जन्मलेली म्हणून तिचं नाव सोमी. पुढे तिच्या पोटी जी जी मादी झाली तिला जन्माच्या वाराचं नाव मिळत गेलं. वार सातच, त्यामुळे नावं फिरून फिरून तीच आली, गाई मात्र पुढे सरकत राहिल्या. नियम एकच. गोऱ्हे द्यायचे, माद्या द्यायच्या नाहीत. सासूकडून गोठा सुनेकडे, सुनेकडून तिच्या सुनेकडे. घरातल्या पुरुषांनी पेंढा आणावा, शेण वाडीत टाकावं, पण गाय कुणाची असं विचारलं तर बायकोकडे बोट दाखवावं.

फ्लॉसी नंदाखालची. माहेरी केळीची वाडी, जनावराचा संबंध नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूने तिला धारेला बसवलं आणि त्या वेळच्या गाईने तिला चरवीसकट उताणी पाडली. सासू हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "तुझे हात गार आहेत. गाईला वाटतं, ही कोण चोर आली." तेव्हापासून आजवर फ्लॉसी गोठ्यात शिरण्याआधी तळहात चोळून गरम करते. सकाळी चर्चमध्ये मिस्सेला जायच्या आधी धार, आल्यावर झाडलोट, संध्याकाळच्या पवित्र माळेच्या आधी पुन्हा धार. तिची अख्खी माळ शेणाच्या वासात झाली, आणि देवमातेने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही, असं ती म्हणायची.

संशय मात्र ती गोठ्याबाहेरही वापरायची. दूध पातळ आहे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर, गाय गाभण असतानाच गोड बोलायला येणाऱ्या माणसांवर, आणि समोरच्या नव्या बिल्डिंगमधल्या त्या बाईवर, जिने एकदा गॅलरीतून शेणाच्या ढिगाचा फोटो काढला. ही पालिकेत तक्रार करणार, असं फ्लॉसीने घरात जाहीर केलं. चार दिवसांनी तीच बाई पिशवी घेऊन आली आणि कुंड्यांसाठी शेणखत मिळेल का म्हणून विचारू लागली. फ्लॉसीने खत दिलं. पण नंतर आठवडाभर ती त्या गॅलरीकडे बघत होती, कुंड्या खरंच आहेत का म्हणून.

आता गोठ्यात एकटी बुधी उरली होती. तिचं वय झालं होतं आणि ती परत विणार नव्हती. तिची लेक शुक्री. शुक्री कालवड असतानाच आजूबाजूचा चारा संपला. जिथे बुधी चरायची तिथे लग्नाचा हॉल उभा राहिला, आणि हॉलच्या पलीकडे जे गवत होतं त्यावर पार्किंगचे पेव्हर बसले. दोन जनावरांना पुरेल एवढं हिरवं आळीत कुठे नव्हतं. तेव्हा फ्लॉसीने शुक्रीला चांदीपच्या प्रल्हादकडे अर्धलीने दिलं.

ही पद्धत जुनी. गाय एकाची, सांभाळायला दुसऱ्याकडे. पहिलं वासरू आणि त्या वेताचं दूध सांभाळणाऱ्याचं. दुसरं वासरू मालकाचं, आणि ते चार पायांवर धड झालं की गाय त्याच्यासकट मालकाच्या दारात परत. मधेच मालकाने गाभणी गाय सोडवून नेली, तर पोटातलं सांभाळणाऱ्याचं, कारण त्याने चारा घातला. यात कागद नसतो. प्रल्हादच्या बापाकडे फ्लॉसीच्या सासूने अशीच गाय दिली होती. सासूने त्याच्यावरही संशय घेतला होता, पण गाय परत आली होती.

फ्लॉसीच्या डोक्यात आता हिशेब सुरू झाला. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीला प्रल्हाद स्वतः भाताचे पोहे घेऊन आला होता आणि सांगून गेला होता, शुक्री गाभण राहिली, डॉक्टरने हात घालून बघितलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या मुलीचं, क्षितिजाचं लग्न झालं. फ्लॉसी गेली होती, पंगतीत बसून जेवली होती. शुक्री कुठे म्हणून विचारलं तर मनोरमा, प्रल्हादची बायको, म्हणाली, माळावर चरायला गेलीय. भर दुपारी, उन्हाच्या तडाख्यात, गाभणी गाय माळावर? तेव्हा फ्लॉसीने जिलबीवर समाधान मानलं. मग पावसाळ्यात प्रल्हादचा फोन आला की ती राहिलीच नव्हती, उलटली, म्हणजे परत माजावर आली. डॉक्टरने हात घालून बघितलेली गाय उलटते कशी? पण त्याच सुमारास प्लासिडचं ऑपरेशन झालं, मग मुलाचं, जॉयलचं लग्न, आणि ते तसंच राहिलं. अधूनमधून प्रल्हाद मोबाइलवर शुक्रीचा फोटो पाठवायचा. फ्लॉसीचा फोटोवर कधीच विश्वास नव्हता. फोटोतली गाय कुठल्याही वर्षीची असू शकते.

आणि आज म्हणतो, पहिल्यांदाच वितेय.

म्हणजे काय ते उघड होतं. पहिलं वासरू झालं, ते याने गुपचूप ठेवलं किंवा दिलं कुणाला. ते त्याचंच होतं, फ्लॉसीने हूं की चूं केलं नसतं. पण ते लपवायचं, दुसऱ्याला पहिलं म्हणायचं आणि तेही ठेवायचं. मग तिसऱ्याला दुसरं म्हणणार तोवर शुक्रीच म्हातारी होणार. बुधी विणार नव्हती. शुक्रीच्या पोटची मादी या गोठ्यात आली नाही, तर सोमीपासून चालत आलेलं सगळं फ्लॉसीच्या हातात संपलं. वर जाऊन सासूला काय सांगायचं? हॉल झाला गं, म्हणून?

तिने हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या संत अंतोनीला एक प्रार्थना म्हटली आणि फाटकाशी चहा पीत उभ्या असलेल्या अँथनीला सांगितलं, टेम्पो रिकामा कर, चांदीपला जायचंय, शुक्रीला आणायचंय. अँथनी म्हणाला, वहिनी, पोटुशी आहे ती. फ्लॉसी म्हणाली, ते मला शिकवू नको.

जीना, तिची शिक्षिका सून, शाळेला नाताळची सुट्टी लागल्यामुळे घरी होती. तिने गाडी काढली. जीना विरारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. सासूच्या संशयाची तिला सवय झाली होती आणि गंमतही वाटायची. पूल ओलांडून, एव्हरशाईन सिटीतल्या गर्दीतून वाट काढत गाडी हायवेला लागली तेव्हा तिने सगळं नीट विचारून घेतलं.

"म्हणजे मम्मी, आत्ता तू गाय उचललीस, तर पोटातलं त्याचं?"

"हो."

"मग लॉस तुझाच ना."

"ते तो तसंही ठेवणारच. पहिलं म्हणतोय ना. निदान गाय तरी हातात येईल. आज नाही आणली तर तीही जाईल."

"आणि समज, त्याने खरंच काही केलं नसेल तर?"

फ्लॉसीने हातातली माळ पर्समध्ये टाकली. "मग लपवलं काय?"

शिरसाड फाट्याला अँथनीचा टेम्पो मागे दिसेना, तेव्हा फ्लॉसीने गाडी थांबवायला लावली. अँथनी प्रल्हादला फोन करून सावध करत असेल, अशी शंका तिला आली. तो मागून वडापाव खात आला.

चांदीपला प्रल्हादच्या घरी मनोरमा एकटीच होती. खळ्यात भात पसरलेलं, त्यावर कोंबड्या. मनोरमाने गाडी बघितली, मागचा टेम्पो बघितला, आणि ती जरा जास्तच हसली. या वहिनी, बसा वहिनी, सुनेला पन आनलीत, किती बरं वाटलं. पाणी आणलं, चहा ठेवला. फ्लॉसी बसली नाही. ती सरळ घराच्या बाजूला गोठ्याकडे गेली. गोठ्यात दोन बैल होते आणि एक म्हैस. शुक्री नव्हती. तिची दावण झाडून स्वच्छ केलेली, जणू कधी तिथे कुणी बांधलंच नव्हतं.

"गाय कुठाय?"

"आहे ना. मागं शेतावर नेलीय."

"शेतावर? विणारी गाय?"

मनोरमा म्हणाली, तिकडे खोपीत शांत असतं. आणि जरा थांबून म्हणाली, की या दिवसांत तिला बाहेरच्या मानसाने बघू नये, तुमी चहा घ्या, ते येतीलच. फ्लॉसीने चहाकडे बघितलंही नाही. ज्या माणसाची गाय, तो बाहेरचा कसा झाला? तिने जीनाला डोळ्याने खूण केली आणि पायवाटेला लागली. मनोरमा मागून पदर खोचत आली. शेवटी अँथनी निघाला, तोही कपभर चहा घेऊनच.

खोप ओढ्याच्या अलीकडे होती. खाली पेंढ्याचा जाड थर, वर झावळ्यांची नवी झापं. शुक्री उभी होती. पोट दोन्ही बाजूंनी उतरलेलं, शेपटीच्या मुळाशी खळगे पडलेले. प्रल्हाद तिच्या पुढ्यात हिरवा चारा टाकत होता. फ्लॉसीला बघून त्याने विळा खाली ठेवला. तो हडकुळा, उन्हाने करपलेला माणूस. त्याने मागे टेम्पोचा माणूस म्हणून उभ्या असलेल्या अँथनीकडे बघितलं आणि त्याला सगळं कळलं.

"नेयाला आलीस, बाय?"

"हो, दादा."

फ्लॉसीला वाटलं, हा आता गोड बोलेल. नाहीतर भांडेल. दोन्हीची तयारी ती गाडीत करून आली होती. तो यातलं काहीच करेना. खोपीचा खांब धरून तो म्हणाला, "आज नको नेऊ. आज नेलीस तर पोटातलं माझं होईल."

"तसंही तुझंच ना? पहिलं म्हणतोस ना तू? अँथनीला सांगितलंस ना?"

"नाय. हे तुझं."

फ्लॉसीला क्षणभर आपण कुठे उभ्या आहोत ते कळेना. तिने आयुष्यात पुष्कळ लबाड्या बघितल्या होत्या. पण ती सोडवायला आलेलं दावं समोरच्याने आपणहून तिच्याच हातात दिलं, असं कधी झालं नव्हतं. तिला पहिला विचार आला तो असा, की वासरू पांगळं आहे का? डॉक्टरने काही सांगितलं का? नाहीतर हा असा उदार कसा झाला?

"हे माझं, तर पहिलं कुठाय?"

प्रल्हादने ओढ्याकडे बघितलं. बोलली ती मनोरमा. ती धापा टाकत नुकतीच पोचली होती, आणि तिचं ते जास्तीचं हसू वाटेतच कुठेतरी गळून पडलं होतं. ती म्हणाली, क्षितिजाच्या हळदीच्या दिवशी पाहुणे फार झाले. जेवणाच्या पंगतीला जागा पुरेना, म्हणून गोठा मोकळा केला, सारवला, शुक्रीला बाहेर फणसाला बांधली. संध्याकाळी डीजे लागला. त्या आवाजाने गाय बिथरली, दावं तोडून पळाली आणि इथे या ओढ्याच्या उतारावर घसरली. सकाळपर्यंत तिने गाभ टाकला. सातवा महिना. इकडे सगळं घर वऱ्हाड यायच्या गडबडीत होतं.

"तुमी दुसऱ्या दिवशी पंगतीला बसलात, तेव्हा ती इथंच पडून होती, वहिनी. आमच्या हळदीत तिच्या पोटातलं गेलं. कुनाला तोंड दाखवनार?"

फ्लॉसीला ती जिलबी आठवली. पण तिचा आवाज खाली आला नाही. ती म्हणाली, "आणि उलटली म्हणून सांगितलंत."

प्रल्हाद म्हणाला, "सांगितलं असतं तर तू गाय उठवली असतीस. ज्याच्या हातून गाभ जातो त्याच्या दारात कोनी गाय ठेवत नाय. तुझ्या सासूनेही ठेवली नसती."

हे खरं होतं. सासूने तर वर चार घरी सांगितलंही असतं.

"मग अँथनीला पहिल्यांदाच म्हणून का सांगितलंस?"

"तो टेम्पोवाला मानूस. त्याला सांगायचं म्हंजे पारोळपासून वसईपर्यंत सांगायचं."

अँथनीने चहाचा कप तोंडाला लावला आणि तो बराच वेळ खाली घेतला नाही.

"गेलं ते माझ्या दावणीला असताना गेलं," प्रल्हाद म्हणाला. "ते माझं होतं. माझं होऊन गेलं. आता हे दुसरं. आनि टेम्पोत घालशील तर शिरसाडच्या आत विल ती. तुला ठाऊक आहे."

फ्लॉसीला ते ठाऊक होतं. दिवस भरलेली गाय टेम्पोत चढवायची नसते, हे तिने स्वतः आळीतल्या तीन पोरांना शिव्या देऊन शिकवलं होतं. आणि आज सकाळी ती स्वतःच टेम्पो घेऊन निघाली होती, अँथनीने सांगूनही. तिच्या कानशिलांना झळ लागली. पण झळ लागली म्हणून फ्लॉसी कुणाचं बोलणं तसंच गिळणारी नव्हती. खरंच गाभ टाकला तरी तसं सांगता येतं, आणि वासरू देऊन टाकून गाभ टाकला असंही सांगता येतं.

तिने तळहात एकमेकांवर चोळले, चांगले गरम होईपर्यंत, आणि ती शुक्रीच्या कुशीला गेली. शुक्रीने मान वळवून तिच्या दंडाला हुंगलं आणि जोरात फुसकारली. फ्लॉसीने तिच्या पाठीवरून हात फिरवत फिरवत खाली नेला आणि कास चाचपली. कास भरत आली होती. ती एकेक सड दोन बोटांत धरून बघत गेली. वासराने ओढलेले, धारेने रोज पिळलेले सड लांबतात, त्यांची कातडी सैल होते, टोकाला खरखर येते. हे चारही सड आखूड होते, कालवडीसारखे आवळलेले. या कासेला आजवर कुणी तोंड लावलं नव्हतं, आणि कुणी धारही काढली नव्हती.

फ्लॉसी बराच वेळ तशीच वाकून राहिली. जीनाने विचारलं, मम्मी, कंबर धरली का? ती नाही म्हणाली.

उठून तिने हात पुसले. "दीड वर्ष खोटं बोललास, दादा."

"बोललो."

"वासरू गेल्याचं मी माफ केलं असतं की नाही, ते मला आता सांगता येणार नाही. कदाचित नसतं केलं. पण खोटं बोललास ते माझ्या लक्षात राहणार."

"ऱ्हाऊ दे," प्रल्हाद म्हणाला.

मग फ्लॉसीने अँथनीला पुढे बोलावलं आणि त्याच्यासमोर सगळं पुन्हा वदवून घेतलं. पोटातलं फ्लॉसीचं. पाडी झाली तरी तिचं, गोऱ्हा झाला तरी तिचं. वासरू धड झालं की मायलेकरं दोघं परत. प्रल्हाद प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता. तरी ती म्हणाली, तोंडाने हो म्हण. तो हो म्हणाला. अँथनी हे आता पारोळपासून वसईपर्यंत सांगेल, तेव्हा कागदाची गरजच नाही, असं जीना म्हणाली आणि त्यावर पहिल्यांदाच सगळे हसले. अँथनीसुद्धा हसला, आणि मग रिकामा टेम्पो परत कसा न्यायचा म्हणून प्रल्हादकडे पेंढ्याचा भाव विचारू लागला.

घरी येताना हायवेला लागल्यावर फ्लॉसी म्हणाली, "गोठ्यातून काढून खोपीत का ठेवली असेल पण?"

"त्यांच्या शेजारी हळद आहे म्हणे," जीना म्हणाली. "मनोरमा आंटी सांगत होत्या. परत डीजे लागेल म्हणून."

फ्लॉसीने मान हलवली. हे तिला कुणी का सांगितलं नाही, असं मात्र तिच्या मनात आलं. मग तिने पर्समधून माळ काढली आणि एव्हरशाईन सिटीच्या सिग्नलपर्यंत तिचं एक दशक, म्हणजे दहा मण्यांची प्रार्थना, झालं. मधेच थांबून ती म्हणाली, देवा, माझं मन वाईट नाही, तूच डोळे असे दिलेस.

रविवारी सकाळी ती मिस्सेहून आली आणि चपला काढते न काढते तोच फोन वाजला. प्रल्हाद होता. पहाटे सुटली, म्हणाला. दोघं बरी आहेत. पाडी झालीय.

फ्लॉसी खुर्चीत बसली. प्लासिड बाहेर आला, जॉयल ब्रश तोंडात धरून आला. फ्लॉसीने त्यांच्याकडे बघितलं नाही. तिने फोनमध्ये विचारलं, "पाडीच ना? खात्रीने?"

"मी काय आज पहिल्यांदा गाई बघतोय, बाय?"

"जीना, याला व्हिडिओ लावायला सांग."

जीनाने व्हिडिओ लावून दिला. आधी झापं दिसली, मग प्रल्हादचा कान, मग मनोरमाचा पदर, आणि मग पेंढ्यावर एक ओलं, तांबूस, चेहऱ्यात डोळे न मावणारं वासरू. चार पाय चार दिशांना. शुक्री त्याला चाटत होती. जीनाच्या तोंडून आपोआप एक लाडाचा आवाज निघाला. प्लासिडने चष्मा पुसला. फ्लॉसीने मोबाइल नाकापर्यंत नेला.

"नाळ दाखव."

"काय?"

"तिची नाळ दाखव मला. बेंबीशी."

जॉयल म्हणाला, मम्मी, आता बस ना. पण तिकडे प्रल्हादने काही न बोलता वाकून, वासराचा मागचा पाय हळूच बाजूला केला. पोटाखाली नाळेचा तुकडा लोंबत होता, ओला आणि लालसर, पहाटेचा. कालची नाळ सुकते. शेजारच्या गोठ्यातून उचलून आणलेल्या वासराची अशी नसते. फ्लॉसीने ती नीट बघितली. मग शेपटी उचलायला लावून तेही बघितलं. पाडी होती.

"हळद लाव नाळेला," ती म्हणाली. "आणि पहिला चीक तिला पोटभर पिऊ दे. खरवस नंतर करा."

"लावलीय. पितेय," प्रल्हाद म्हणाला. "मनोरमा विचारते, तू कधी येशील बघायला?"

ती बघते म्हणाली आणि फोन ठेवला. जॉयल आणि प्लासिड आत गेले. जीना मात्र तिथेच उभी होती, मोबाइलवर घेतलेला वासराचा फोटो मोठा करून बघत.

"मम्मी, गाई सुनांच्या असतात ना इथे? मग ही माझी?"

फ्लॉसीने तिच्याकडे नजर रोखली. "का गं? तुला काय करायचंय?"

"काही नाही. विचारलं."

"धार काढता येते का तुला?"

"नाही."

"हात दाखव." जीनाने हात पुढे केला. फ्लॉसीने तो आपल्या दोन्ही हातांत धरून बघितला, उलटा सुलटा केला, आणि सोडून दिला. "गार आहेत," म्हणाली. पण नाही असं म्हणाली नाही, हे प्लासिडने आतून ऐकलं.

वासरू मालकाचं असलं की व्यालेल्या गाईचा पहिला खुराक मालकाच्या घरून जातो. बाजरी भरडून शिजवायची, त्यात गूळ आणि सुंठ. हे प्रल्हादने फोनवर काढलं नाही, मनोरमानेही काढलं नाही. आपण आठवण ठेवतो का ते दोघं बघत असणार, असं फ्लॉसीच्या मनात आलं. तिने चर्चची साडी बदलली नाही. दाराआडची कापडी पिशवी घेतली, चपला परत घातल्या, आणि बाजरी, गूळ आणि सुंठ आणायला ती पारनाक्याच्या बाजारात निघाली.